सहा थर आणि एक टाचणी

मागच्या वर्षी आषाढातल्या एका दुपारी मी साडेचार मीटर सुती कापडाचे सहाशेच्या वर त्रिकोण कापले आणि दिवेलागणीच्या वेळेला माझ्या लक्षात आले की त्यांतून एकही षटकोन धड जुळणार नाही. कापड चांगले होते, कटरचे पाते नवे होते, पट्ट्या सुतासारख्या सरळ निघाल्या होत्या. चूक कापण्यात नव्हतीच. ती त्याच्या आधी, थरावर थर ठेवताना झाली होती, आणि खरे म्हणजे त्याच्याही आधी, कापड निवडताना. या प्रकारच्या गोधडीविषयी बोलताना सगळे जण कापण्याबद्दल बोलतात, कारण कापल्यावरच गंमत दिसते. मला मात्र कापण्यापूर्वीच्या दोन-तीन दिवसांबद्दल लिहायचे आहे.

प्रकार असा आहे. एकाच छापील कापडाचे सहा तुकडे घ्यायचे आणि ते असे एकावर एक रचायचे, की वरच्या थरातल्या कोयरीच्या शेंड्याखाली दुसऱ्या थरातल्या त्याच कोयरीचा शेंडा यावा, त्याखाली तिसऱ्याचा, आणि असे सहाव्यापर्यंत. मग सहाही थर एकदम कापून समभुज त्रिकोण काढायचे. एका जागी कापलेले सहा त्रिकोण तंतोतंत सारखे असतात. त्यांचा एकच कोपरा मध्यभागी आणून ते गोलाकार जोडले की षटकोन तयार होतो आणि मूळ कापडावर कुठेही नसलेले फूल, चक्र किंवा चांदणी त्यात उमटते. पुढचा त्रिकोण दोन इंच सरकलेला असतो, म्हणून त्याचे फूल वेगळे. शोभादर्शकात जे घडते तेच. डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८१६ साली शोभादर्शक तयार केला. आम्ही लहानपणी काचवाल्याकडून काचेच्या तीन पट्ट्या आणून, काळ्या कागदात गुंडाळून, फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे घालून तो करत असू. नळी जरा फिरवली की आधीचे फूल कायमचे गेले याची हळहळ वाटायची. कापडात ते फूल टिकते, एवढा एक फायदा.

माझे पहिले कापड लाकडी ठशाने हाताने छापलेले होते. एका प्रदर्शनातून घेतले होते. नीळ आणि मजीठ रंगातली मोठी फुले, मधे भरपूर पाने. थर लावायला बसले तेव्हा डावी बाजू सुरेख जुळली, आणि मी उजवीकडे सरकत गेले तशी फुले एकमेकांखालून निसटू लागली. एका टोकाला फरक शून्य, दुसऱ्या टोकाला जवळपास पाव इंच. मी कापड ताणून पाहिले, वाफ देऊन पाहिले, शेवटी ‘एवढे चालते’ असे स्वतःला सांगून कापले. पाव इंच म्हणजे या कामात संपूर्ण शिवणीची रुंदी. षटकोनाच्या मध्यभागी सहा टोकांवर सहा सारखे ठिपके यायला हवे होते. तिथे दोन टोकांवर ठिपका, एकावर पान आणि तीन टोकांवर नुसती पांढरी जमीन आली. फूल कुणीतरी कुरतडल्यासारखे दिसत होते.

माझे सासरे लालबागच्या एका गिरणीत छपाई खात्यात होते, १९८२च्या संपापर्यंत. आता त्यांना ऐकू कमी येते, पण हाताला कापड लागले की नजर अजून त्याच खात्यातली आहे. त्यांनी ते त्रिकोण चाळले, उरलेले कापड खिडकीशी धरले आणि म्हणाले, “अगं, हा हाताचा ठसा आहे. माणूस दर वेळी नजरेने अंदाज घेऊन ठसा टेकवतो. दोन दोरे इकडे, दोन दोरे तिकडे व्हायचंच. तुला यात बिनचूक रिपीट सापडणार कसा? रोलचं कापड घे. रोलचा घेर बदलत नाही.”

एवढे एक वाक्य मला आधी कुणी सांगितले असते तर साडेचार मीटर कापड वाचले असते. अण्णांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, काळात तांब्याचे कोरीव रोल असत, प्रत्येक रंगाला एक. आता बहुतेक कापड जाळीदार नळकांड्यासारख्या फिरत्या स्क्रीनवर छापले जाते. त्या नळकांड्याचा सर्वांत रूढ घेर ६४ सेंटिमीटर असतो, आणि म्हणून नक्षी दर ६४ सेंटिमीटरनंतर, किंवा ६४ला पूर्ण भाग जाईल अशा अंतरावर, म्हणजे ३२ किंवा १६ सेंटिमीटरवर, पुन्हा सुरू होते. नळकांडे एक फेरा पूर्ण करते, त्याचा तो एक रिपीट. ठसेछपाईत जो हात दिसतो आणि ज्यासाठी आपण ते कापड घेतो, तोच हात इथे आड येतो. ठशाच्या कापडाचा त्यात काही दोष नाही. त्याचा कुडता शिवावा, त्याचे थर लावू नयेत.

दुसरे कापड घ्यायला मी मंगलदास मार्केटमध्ये गेले. तिथल्या गल्ल्यांत दुपारी बारानंतर जाणे म्हणजे धक्के खाणे, त्यामुळे सकाळची हार्बर पकडून सीएसएमटीला उतरले आणि क्रॉफर्ड मार्केटवरून चालत गेले. खांद्यावरच्या पिशवीत दोन गोष्टी होत्या: शिंपी वापरतात तो मोजपट्टीचा टेप आणि वहीएवढ्या आकाराचे दोन आरसे, मागून चिकटपट्टीने पुस्तकासारखे जोडलेले. आरसे ६० अंशांत उघडून कापडावर उभे केले की त्या जागेचा षटकोन कसा दिसेल याचा अंदाज येतो. दुकानातल्या मुलाने आधी संशयाने पाहिले आणि नंतर स्वतःच वाकून आरशात पाहू लागला. त्याने मग आपण होऊन आठ-दहा ठाण उलगडले.

कापड पारखण्याचे जे नियम आपण साडीला किंवा ड्रेसला लावतो ते इथे उलटे होतात. बारीक बुट्टीचे, नेटके, सौम्य रंगांचे कापड आरशात धरले तर सगळीकडे सारखीच खिचडी दिसते, कारण कुठूनही त्रिकोण काढला तरी त्यात तेच चार ठिपके येतात. मोठी नक्षी हवी, वीतभर तरी. फिक्या-गडद रंगांत स्पष्ट फरक हवा. आणि नुसती जमीन मोकळी पडलेली नको, नाहीतर निम्मे षटकोन एकरंगी निघतात. मी शेवटी जे कॅम्ब्रिक घेतले ते मोरपंखी जमिनीवर केशरी फुले, पोपटी पाने आणि जांभळ्या कोयऱ्या असे होते. ठाणात ते इतके भडक होते की त्याचा पडदासुद्धा मी लावला नसता. माझा अनुभव असा, की ज्या कापडाकडे पाहून जीभ चावावीशी वाटते तेच कापून सर्वांत सुंदर निघते.

किती घ्यायचे याचा हिशोब दुकानातच करावा लागतो. किनार धरून टेपने एका फुलाच्या केंद्रापासून हुबेहूब त्याच फुलाच्या केंद्रापर्यंत मोजायचे. ६४ सेंटिमीटर भरले तर सहा थरांना ३ मीटर ८४ सेंटिमीटर लागतात. पण दुकानदार ठाण जिथे संपला असेल तिथून कापून देतो, रिपीट जिथे सुरू होतो तिथून नाही, शिवाय चूक होतेच, म्हणून एक रिपीट जास्त धरून मी साडेचार मीटर घेते. रिपीट ३२चा असेल तर प्रत्येक थरात दोन रिपीट ठेवावेत, कापड तेवढेच लागते.

घरी आल्यावर कापड धुऊन, आटवून, हलकी खळ देऊन वाळवले. खळीमुळे कापडाला कागदासारखा ताठपणा येतो आणि थर घसरत नाहीत. मुंबईच्या पावसाळ्यात खळ दिलेले कापड आठ दिवसांच्या वर घडी करून ठेवू नये. कसर लागते आणि वासही येतो. त्यानंतरचे काम दोन माणसांचे आहे. कारखान्यात कापड ताणून सुकवताना छापा पुष्कळदा तिरका होतो, म्हणजे डाव्या किनारीचे फूल उजव्या किनारीच्या त्याच रांगेतल्या फुलापेक्षा अर्धा इंच वर राहते. नवऱ्याने एक कोपरा आणि मी समोरचा कर्णातला कोपरा धरून थोडे थोडे ओढले, इस्त्री केली, पुन्हा पाहिले. मग दर ६४ सेंटिमीटरवर एकेक तुकडा कात्रीने वेगळा केला.

आता टाचणी.

आमच्या गोरेगावच्या घरात एवढे कापड पसरायला एकच जागा आहे, ती म्हणजे जेवणाचे टेबल भिंतीला लावल्यावर मोकळी होणारी फरशी. पंखा बंद करावा लागतो. सहाही थर उलगडून, सुलट बाजू वर ठेवून, अंदाजाने एकावर एक टाकायचे. कडा जुळल्या आहेत की नाही याकडे पाहायचेच नाही, आणि हेच मनाला पटायला सर्वांत अवघड जाते. खालच्या मजल्यावर राहणारे एक काका कटिंग मास्टर आहेत; तयार कपड्यांच्या कारखान्यात एका वेळी शंभर थर कापतात. माझा पसारा पाहून ते म्हणाले, “ताई, किनार लावून घ्या की एका रेषेत.” त्यांच्या कामात ते बरोबरच आहे, कारण तिथे कापडाची कड पाहिली जाते. इथे कड कुठेही जावो, छापा छाप्यावर यायला हवा.

नक्षीतला एक असा बिंदू निवडायचा जो चुकणे शक्य नाही: कोयरीच्या वळलेल्या शेंड्याचे टोक, फुलाच्या मधला केशरी ठिपका, देठाला पान फुटते तो काटकोन. चपट्या डोक्याची लांब टाचणी त्या बिंदूतून वरच्या थरात उभी घालायची. वरचा थर कडेने हलकेच उचलून टाचणीचे टोक खाली कुठे आले आहे ते पाहायचे आणि दुसऱ्या थरातला तोच बिंदू शोधून टोक त्यात घालायचे. मग तिसरा. गजरा ओवताना प्रत्येक कळीचा देठ बरोबर मधून जावा लागतो तसे सहाही थर एका टाचणीत ओवले गेले, की टाचणीचे डोके वरच्या थरावर टेकेपर्यंत दाबायचे. या क्षणी टाचणी पूर्ण उभी राहायला हवी. ती जरा कलली तरी खालचा थर दोन-तीन मिलिमीटर सरकतो, आणि टाचण्या आडव्या टोचायच्या सवयीने हात ती कलती करतोच. मी डाव्या हाताच्या दोन बोटांनी तिच्या दोन्ही बाजूंना कापड दाबून धरते आणि दुसरी टाचणी तिच्या शेजारून आडवी टोचते. आडवी पक्की झाली की मगच उभी काढते. चार कोपरे, एक मध्य, मग त्यांच्या मधल्या जागा. सहा थरांना साधारण तीस टाचण्या आणि तीन तास. पाठीला हे काम मानवत नाही, हेही सांगून ठेवते.

एवढे करूनही माझी एक फजिती झाली. चौथा थर ओवताना फूल बरोबर होते, कोयरी बरोबर होती, पण शेजारचे पान बाकीच्या थरांत पोपटी आणि यात जांभळे होते. कापडावर तेच फूल एका रिपीटमध्ये दोनदा काढलेले असते, एकदा एका रंगाच्या पानांसह आणि अर्ध्या अंतरावर दुसऱ्या रंगाच्या. मी तो तुकडा कापताना ६४ सेंटिमीटर मोजलेच नव्हते. ओळखीचे फूल दिसले म्हणून कापला होता. जादा घेतलेला सातवा रिपीट तिथे उपयोगी पडला. तेव्हापासून मी प्रत्येक थरातला बिंदू पाहून थांबत नाही, त्याच्या चारही बाजूंच्या शेजाऱ्यांची ओळख पटवते.

कापण्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण थर नीट लागले असतील तर ते सोपे आहे. कात्री वापरू नये. तिचे खालचे पाते कापड उचलते आणि तीन तासांची मेहनत तिथेच सरकते. फिरत्या पात्याचा कटर, जो ओल्फा या जपानी कंपनीने १९७९ साली बाजारात आणला, कापडाला मॅटवर दाबूनच कापतो. नवे पाते लावावे, जाड पारदर्शक पट्टी तळहाताने नव्हे तर पसरलेल्या बोटांनी दाबावी, आणि एकाच दमात कापावे. पुढे-मागे करवत चालवल्यासारखे करू नये. पट्टीवर ६० अंशांची रेघ असते, तिच्या आधाराने पट्ट्यांचे त्रिकोण होतात.

मी पट्ट्या पावणेचार इंचांच्या कापते. पाव इंचाची शिवण तिन्ही बाजूंनी गेली की समभुज त्रिकोणाची उंची पाऊण इंचाने कमी होते, त्यामुळे शिवून झालेला त्रिकोण बरोबर ३ इंच उंच आणि षटकोन समोरासमोरच्या कडांमध्ये ६ इंच भरतो. ६४ सेंटिमीटरमध्ये अशा सहा पट्ट्या निघतात, ४४ इंची पन्ह्यातून किनार वजा जाता प्रत्येक पट्टीत अठरा त्रिकोण, म्हणजे एकूण १०८ षटकोन. ते जोडून साधारण ५८ इंच चौरस कापड होते. साडेचार मीटर घेतले आणि हाती एवढेच आले याचा पहिल्या वेळी मला धक्का बसला होता. जवळपास निम्मे कापड शिवणींच्या आत आणि कडेच्या कातरणात जाते. आजीने हे पाहिले असते तर तिने मला घरात घेतले नसते. तिच्या गोधडीत जुन्या लुगड्याचा चतकोर तुकडासुद्धा वाया जात नसे.

प्रत्येक सहाच्या गठ्ठ्याला एक टाचणी लावून मी तो ताटात ठेवते. समभुज त्रिकोणाला तीन कोपरे असल्यामुळे मध्यभागी कुठला कोपरा आणायचा हे आपल्या हातात असते, आणि तिन्हींची फुले अगदी वेगळी निघतात. १०८ गठ्ठे, प्रत्येकी तीन शक्यता. जेवणे आटोपल्यावर टेबलावर त्रिकोण फिरवत बसण्यात रात्रीचा एक कधी वाजतो ते कळत नाही. सासरे तिथे येऊन बसतात आणि मी निवडलेला कोपरा हमखास बदलायला लावतात. त्यांचा निकष एकच: मधोमध गडद रंग हवा.

इथेच मला आणखी एक गोष्ट उमगली, जी आरशांनी माझ्यापासून लपवली होती. आरशात शेजारचे दोन त्रिकोण एकमेकांची प्रतिबिंबे असतात: एकातले पान उजवीकडे कलले तर शेजारच्यातले डावीकडे, आणि दोन्ही मिळून पाकळी बनते. कापडाच्या सहा थरांत मात्र सगळीच पाने उजवीकडे कलतात, कारण सगळे थर सुलट ठेवलेले असतात. त्यामुळे दुकानात आरशात जिथे कमळ दिसले होते तिथे प्रत्यक्षात भिंगरी निघते. मला भिंगरी जास्त आवडते, तिच्यात गती आहे. पण आरसा दाखवतो ते तसेच मिळेल ही अपेक्षा ठेवू नये. आरशातून फक्त रंगांचे प्रमाण पाहावे. आकार पाहायचा असेल तर कापडाच्या एका भागाच्या सहा रंगीत झेरॉक्स काढून त्यांचे त्रिकोण कापून पाहणे जास्त भरवशाचे. खरा आरसा हवा असेल तर तीन थर उलटे घालावे लागतील, आणि त्यासाठी दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे कापड लागेल. अजरखमध्ये दोन्ही बाजूंनी छापण्याची पद्धत आहे खरी, पण तो पुन्हा हाताचाच ठसा, म्हणजे आपण फिरून आषाढातल्या दुपारी पोहोचलो.

शिवताना सहाही त्रिकोण एकदम जोडत नाहीत. तीन-तीनचे दोन अर्धे भाग करायचे आणि तसेच ठेवायचे. सगळे अर्धे भाग पलंगावर मांडून, रंगांचा ओघ पाहून, जागा ठरल्यावर ते आडव्या रांगांत जोडायचे. अर्धा षटकोन तीन इंच उंचीच्या पट्टीत बसतो, त्यामुळे सगळ्या शिवणी सरळ राहतात आणि कोपऱ्यात कापड वळवून शिवण्याची कसरत टळते. मशीनच्या सुईपासून पाव इंचावर मी औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी लावली आहे, कापडाची कड तिला घासत जाते. त्रिकोणाची एकच बाजू सरळ धाग्यात असते; बाकी दोन तिरप्या, आणि उरेबात कापड किती पसरते हे ब्लाउजची पट्टी लावलेल्या कुणालाही माहीत आहे. म्हणून इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची, आणि शिवण दोन्हीकडे उघडून दाबायची. नाहीतर मध्यभागी बारा पदर एका जागी येऊन सुपारीएवढी गाठ होते. आठ थरांचे, ४५ अंशांचे अष्टकोनही करतात. मी एकदा केला. मधल्या गाठीवर सुई मोडली आणि मी सहावर परत आले.

आजपर्यंत माझ्या वीसपैकी तेरा रांगा जोडून झाल्या आहेत. आत घालायला कापूस नको, मुंबईत तेवढी थंडी पडत नाही. सासूबाईंची विरलेली नऊवारी दुपदरी घालून वरून हाताने धावदोरा टाकायचा असे ठरले आहे. सातव्या रांगेतला एक षटकोन मात्र सासऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे चुकीच्या कोपऱ्यावर शिवला गेला आहे, आणि तो उसवायचा की नाही यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.